ऑटोमॅटिक गाडी झटके देतेय? गिअरबॉक्स उतरवण्याआधी काय काय पाहायचं

"गिअरबॉक्स गेलाय म्हणे." ऑटोमॅटिक गाडी पहिल्यांदा कुरकुरायला लागली की साताऱ्यात मालकाच्या तोंडी हेच वाक्य येतं. ज्यानं त्याला ते सांगितलेलं असतं त्यानं बहुतेक वेळा गाडी पोवई नाक्याला एक वळसा घालून आणलेली असते, एवढंच. बॅटरी मोजलेली नसते, तेल पाहिलेलं नसतं, गाडीचा कॉम्प्युटर वाचणारा स्कॅनर लावलेला नसतो. मॅन्युअल गाडीत जुन्या फिटरला क्लचच्या पेडलवरून निम्मं निदान होतं. ऑटोमॅटिकमध्ये आपला पाय आणि गिअर यांच्यामध्ये वायरिंग, सेन्सर, एक कॉम्प्युटर आणि बऱ्याच गाड्यांत तेलाचा दाबही येतो. यातलं काहीही बिघडलं तरी आपल्याला जाणवतो तो झटकाच. म्हणून तपासणी बाहेरून आत आणि स्वस्तापासून महागाकडे करत जायची. डबा, म्हणजे गिअरबॉक्स, उघडायचा सगळ्यात शेवटी.

नव्यानं ऑटोमॅटिक घेतलेल्यांसाठी आणि गॅरेजात नुकतीच कामाला लागलेल्या पोरांसाठी हे लिहितोय. साधा डिजिटल मल्टिमीटर, टॉर्च, एक पांढरा पुठ्ठा, वही-पेन आणि मदतीला एक माणूस एवढं पुरतं. स्कॅनर असला तर काम लवकर होईल. गाडी वॉरंटीत असेल तर मात्र स्क्रूड्रायव्हरला हात लावू नका. फक्त नोंदी करा आणि त्या घेऊन सर्व्हिस सेंटरला जा.

१. गाडीत कोणता गिअरबॉक्स आहे ते आधी पाहा

ही पायरी टाळली की पुढचं सगळं चुकतं, कारण एका प्रकारात जो बिघाड, तो दुसऱ्या प्रकारात नेहमीचा स्वभाव असतो.

आपल्याकडच्या स्वस्त ऑटोमॅटिक म्हणजे बहुधा एएमटी. २०१४ मध्ये मारुतीच्या सेलेरिओतून ती इथे आली आणि मग वॅगनआर, स्विफ्ट, डिझायर, टियागो अशी पसरली. आत नेहमीचाच मॅन्युअल गिअरबॉक्स आणि नेहमीचीच क्लच प्लेट असते. क्लच दाबण्याचं आणि गिअर टाकण्याचं काम तेवढं ॲक्चुएटर करतो. ओळखायची खूण म्हणजे बहुतेक एएमटीच्या लिव्हरवर 'पी' नसतो. आर, एन, डी आणि एम एवढंच असतं, टाटाच्या काही गाड्यांत डीच्या जागी ए. पहिल्यातून दुसऱ्यात जाताना मान जराशी पुढे जाते, तो बिघाड नाही. त्या क्षणी ॲक्सिलरेटर किंचित सैल सोडला की झटका कमी होतो. मारुतीच्या बऱ्याच एएमटी गाड्यांत ड्रायव्हरचा दरवाजा उघडला की बॉनेटखालून बारीक घुंईं आवाज येतो. तो ॲक्चुएटरचा पंप दाब भरून घेत असतो. हा आवाज ओळखीचा करून ठेवा, पुढे उपयोगी पडतो.

सीव्हीटीत ठरावीक गिअर नसतात. दोन पुलींमध्ये पोलादी बेल्ट फिरतो आणि पुलींची रुंदी बदलत राहते. होंडा सिटी, अमेझ, मॅग्नाइट, जुनी बलेनो ऑटोमॅटिक या त्यातल्या. ॲक्सिलरेटर जोरात दाबला की इंजिन आधी ओरडतं आणि गाडी मागून वेग घेते. नवा मालक याला 'क्लच स्लिप' समजून घाबरतो. हलक्या पायानं चालवताना ते होत नसेल तर घाबरायचं कारण नाही.

टॉर्क कन्व्हर्टर हा जुना, दणकट प्रकार. इनोव्हा क्रिस्टा, एर्टिगा, ब्रेझा, स्कॉर्पिओ-एन यांच्या ऑटोमॅटिकमध्ये तो असतो. इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये तेल असतं, त्यामुळे उचल मऊ. यात झटका जाणवला तर तो स्वभाव म्हणून सोडून देऊ नका.

चौथा प्रकार डीसीटी, म्हणजे दोन क्लचचा. एका क्लचवर एक, तीन, पाच हे विषम गिअर आणि दुसऱ्यावर सम. जुनी पोलो जीटी टीएसआय, व्हेन्यू, सोनेट यांच्या टर्बो पेट्रोल ऑटोमॅटिकमध्ये सात गिअरचा कोरड्या क्लचचा डीसीटी येतो, अल्ट्रोझमध्ये ओल्या, म्हणजे तेलात बुडालेल्या, क्लचचा. मोकळ्या रस्त्यावर याच्याइतकं गोड काही चालत नाही. गर्दीत सरपटताना मात्र कोरडा क्लच लवकर तापतो.

इलेक्ट्रिक गाड्या आणि स्ट्राँग हायब्रिड यांना हा लेख लागू नाही. त्यांची रचना वेगळी आणि व्होल्टेज जिवावर बेतणारं असतं.

२. लक्षण लिहून काढा

"गाडी कधीकधी झटका मारते" यावरून कुणालाच काही कळत नाही. गाडी गार असताना की तापल्यावर? सपाटीवर की चढाला? किती वेगाला, आरपीएमचा काटा कुठे, डॅशवर गिअरचा आकडा कोणता? गिअर वर जाताना की खाली येताना? एसी चालू होता का? पाऊस पडून गेला होता का? कुठला लाइट लागला का, आणि गाडी बंद करून चालू केल्यावर तो गेला का?

उपयोगी नोंद अशी असते: "सकाळी पहिल्यांदा निघताना काही नाही. वाईहून पसरणी घाट चढताना अर्ध्यात, दुसऱ्या गिअरला, काटा ३,००० वर गेला पण वेग ३० वरच राहिला. पाचगणीत अर्धा तास थांबलो, मग नीट." एवढ्यावरून गाडी न बघताही समजतं की बिघाड उष्णतेशी जोडलेला आहे आणि क्लच किंवा तेलाचा दाब घसरतोय. शेजारी बसलेल्या माणसाला मोबाइलवर मीटरचं चित्रण करायला सांगा. काटा आणि गिअरचा आकडा दिसला पाहिजे आणि आवाज ऐकू आला पाहिजे.

तापल्यावर होणारा आणि गार असताना होणारा बिघाड हा फरक सगळ्यात महत्त्वाचा. गार असताना त्रास आणि तापल्यावर आराम असेल तर तेल कमी किंवा जुनं असण्याची, सील आखडल्याची शंका घ्या. गार असताना ठीक आणि तापल्यावर त्रास असेल तर घसरणारा क्लच, पातळ झालेलं तेल, किंवा गरम झाल्यावर दगा देणारं सोलेनॉइड (तेलाची वाट उघडझाप करणारा विजेचा व्हॉल्व्ह) वा सेन्सर. आणि वेळकाळ न बघता, कसाही, कुठेही होत असेल तर आधी वायरिंग.

३. बॅटरी आणि अर्थिंग

गिअरबॉक्सच्या कॉम्प्युटरला, टीसीएमला, आणि ॲक्चुएटरला व्होल्टेज कमी पडलं की ते वेड्यासारखे वागतात. एएमटीत तर फारच. गिअर मध्येच न्यूट्रलला जातो, डॅशवर आकड्याऐवजी रेघ दिसते, गाडी स्टार्टच होत नाही.

रात्रभर उभ्या गाडीची बॅटरी सकाळी मोजा. १२.६ व्होल्टच्या आसपास असेल तर पूर्ण भरलेली. १२.४ चालेल. १२.० च्या जवळ असेल तर आधी चार्ज करा, बाकी नंतर बघू. मग मदतनिसाला स्टार्टर मारायला सांगा आणि मीटरवर नजर ठेवा. त्या क्षणी आकडा १० च्या फार खाली जात असेल तर बॅटरी थकलीय. इंजिन चालू असताना साधारण १३.५ ते १४.५ मिळायला हवेत. काही नव्या गाड्यांत, विशेषतः माइल्ड हायब्रिडमध्ये, कॉम्प्युटर गरजेनुसार चार्जिंग कमीजास्त करतो. तिथे आकडा मधूनच खाली आला तर लगेच अल्टरनेटरवर खापर फोडू नका.

आता अर्थिंग, म्हणजे बॅटरीचं मायनस गाडीच्या धातूशी जोडणारी पट्टी. इंजिन चालू, हेडलाइट आणि ब्लोअर चालू. मीटरची एक पिन बॅटरीच्या मायनसवर, दुसरी गिअरबॉक्सच्या उघड्या धातूवर. ०.२ व्होल्टपेक्षा जास्त दिसत असेल तर अर्थची पट्टी सैल किंवा गंजलेली आहे. महाबळेश्वर, बामणोली, कोयना भागात पावसाळाभर राहिलेल्या गाड्यांत हे हमखास सापडतं. पट्टी सोडवून, घासून, परत आवळली की काम झालं.

आणि उंदीर. उसाच्या फडाला लागून गाडी लावत असाल तर ही ओळ वगळू नका. सरावाचा फिटरसुद्धा स्कॅनर लावून सेन्सर बदलायला निघतो आणि खाली सेन्सरची वायर कुरतडलेली असते. टॉर्च घेऊन गिअरबॉक्सवर जाणारं सगळं वायरिंग डोळ्यांखालून घाला. कपलर (वायरींची जोडणी) काढून आत हिरवट गंज, पाणी किंवा तेल आहे का पाहा. कपलर काढण्याआधी इग्निशन बंद.

४. लिव्हर हलत नाही, गाडी स्टार्ट होत नाही

हा बिघाड वाटतो मोठा, असतो लहान. 'पी'मधून लिव्हर निघत नसेल तर मदतनिसाला मागून बघायला सांगा आणि ब्रेक दाबा. मागचे ब्रेक लाइट लागत नसतील तर ब्रेकचा स्विच किंवा फ्यूज गेला आहे. कॉम्प्युटरला तुम्ही ब्रेक दाबलाय हेच कळत नाही, म्हणून तो लिव्हर सोडत नाही. एएमटीत याच कारणानं स्टार्टर फिरत नाही. बऱ्याच 'पी'वाल्या गाड्यांत लिव्हरशेजारी झाकणाखाली एक छोटी कळ असते. हँडब्रेक ओढून ती दाबली की लिव्हर सुटतो आणि गॅरेजपर्यंत जाता येतं.

ब्रेक लाइट लागतात, 'पी'त स्टार्ट होत नाही पण 'एन'मध्ये होते, असं असेल तर गिअरची जागा सांगणारा स्विच (इनहिबिटर) किंवा लिव्हरची केबल ढिली झालीय. लिव्हर 'डी'त असताना डॅशवर दुसरंच अक्षर दिसत असेल तर हेच.

५. तेल

आधी जमिनीवरचा डाग. रात्री गाडीखाली पुढच्या बाजूला पांढरा पुठ्ठा सरकवून ठेवा. स्वच्छ पाणी असेल तर एसीचं, सोडून द्या. काळपट डाग बहुधा इंजिन ऑईलचा. लालसर, तेलकट डाग गिअरबॉक्सच्या तेलाचा. मात्र सगळी गिअर ऑईलं लाल नसतात. सीव्हीटीची काही हिरवट किंवा निळसर असतात. रंगापेक्षा डाग कुठून पडतोय ते बघा.

पातळी तपासण्याची पद्धत गाडीगणिक बदलते आणि इथेच गोंधळ होतो. जुन्या टॉर्क कन्व्हर्टर गाड्यांत डिपस्टिक असते. दहा-पंधरा किलोमीटर चालवून गाडी तापवायची, सपाट जागी उभी करायची, ब्रेक दाबून लिव्हर सगळ्या जागांवरून एकदा फिरवून 'पी'त आणायचा आणि इंजिन चालू ठेवून डिपस्टिक काढायची. 'हॉट' खुणांच्या मध्ये तेल हवं. होंडाच्या डिपस्टिकवाल्या गाड्या याला अपवाद. त्यांत इंजिन बंद करून लगेच बघतात. नव्या बहुतेक गाड्यांत डिपस्टिकच नसते. ठरावीक तापमानाला खालचा प्लग उघडून पातळी पाहावी लागते, त्यासाठी लिफ्ट आणि स्कॅनर दोन्ही लागतात. घरी जॅकवर तो प्लग उघडू नका. तिरप्या गाडीत पातळी खोटी दिसते, आणि गरम तेल हातावर आलं तर वेगळंच.

तेल दोन थेंब पांढऱ्या कागदावर टाका. थोडं तपकिरी झालेलं तेल जुनं आहे, एवढंच. काळं आणि करपलेला वास येत असेल तर क्लचच्या प्लेटी जळल्या आहेत. आणि महाबळेश्वरच्या स्टॉलवरच्या स्ट्रॉबेरी मिल्कशेकसारखं दिसलं तर त्यात पाणी किंवा कूलंट मिसळलंय. बऱ्याच गाड्यांत गिअरबॉक्सचं तेल रेडिएटरच्या पोटातून थंड होऊन येतं. तिथली भिंत फुटली की दोन्ही एकत्र होतात. अशी गाडी पुढे एक किलोमीटरही चालवू नका.

महापुरात बुडालेल्या गाडीतही हेच दिसतं. गिअरबॉक्सला श्वासनळी असते आणि बुडालेल्या गाडीत पाणी तिथून आत जातं. २०१९ आणि २०२१ च्या पुरात सांगलीत कृष्णेचं पाणी ज्या वस्त्यांत शिरलं, तिथल्या गाड्या नंतर बाजारात फिरल्या. एमएच १० पाहून गाडी नाकारायचं काही कारण नाही. पण सेकंडहँड ऑटोमॅटिक घेताना सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून मातीची रेघ दिसते का ते पाहा, स्टेपनीच्या खड्ड्यात गाळ आहे का ते पाहा आणि गिअरबॉक्सचं तेल काढून बघितल्याशिवाय बयाणा देऊ नका.

एएमटीत दोन वेगळी तेलं असतात हे पुष्कळांना माहीत नसतं. गिअरबॉक्समध्ये साधं मॅन्युअलचं गिअर ऑईल, आणि हायड्रॉलिक ॲक्चुएटर असेल तर त्याच्या छोट्या टाकीत वेगळं तेल. दरवाजा उघडल्यावर येणारा तो पंपाचा आवाज फार लांबत असेल, किंवा गाडी उभी असताना दर थोड्या वेळानं परत परत येत असेल, तर दाब टिकत नाही. टाकीतली पातळी आणि गळती पाहा. ह्युंदाईच्या एएमटीत ॲक्चुएटर विजेच्या मोटरवर चालतो, तिथे ही टाकी शोधत बसू नका.

एक गोष्ट निक्षून. सीव्हीटीत सीव्हीटीचंच तेल, डीसीटीत डीसीटीचंच. "सगळ्या ऑटोमॅटिकला चालतं" असं म्हणून लाल तेलाचा डबा पुढे करणाऱ्या दुकानदाराला नमस्कार करून बाहेर पडा. हँडबुकमध्ये लिहिलेला ग्रेड डब्यावर दिसलाच पाहिजे. 'लाइफटाइम ऑईल' या शब्दावरही माझा फारसा विश्वास नाही. घाटात चालणाऱ्या गाडीचं टॉर्क कन्व्हर्टरचं तेल साठ-सत्तर हजार किलोमीटरला बदललेलं बरं, सीव्हीटीचं त्याआधी.

६. गिअरबॉक्सचं सोंग घेणारे बिघाड

'पी'तून 'आर'मध्ये टाकताना धाडकन आवाज येतो? माउंटिंग, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स धरून ठेवणारी रबरं, बघा. हँडब्रेक पूर्ण ओढा, चाकांना पुढून-मागून दगड लावा, बॉनेट उघडा. मदतनिसानं ब्रेक घट्ट दाबून धरायचा आणि लिव्हर सावकाश 'डी' ते 'आर' फिरवायचा. तुम्ही बाजूला उभे राहा, गाडीच्या पुढे किंवा मागे कुणीही थांबायचं नाही. इंजिन जागच्या जागी किंचित कलणं ठीक. उडी मारल्यागत हलत असेल तर रबर फाटलंय. रबर बदलायचा खर्च गिअरबॉक्सच्या कामापुढे किरकोळ आहे.

दुसरं सोंग मिसफायरचं, म्हणजे इंजिनाचा एखादा सिलिंडर नीट न पेटण्याचं. खराब स्पार्क प्लग किंवा इग्निशन कॉइल असेल तर गाडी चढाला, कमी आरपीएमवर जोर दिला की अडखळते, आणि माणूस म्हणतो गिअर अडकतोय. काटा बघा. काटा वर जातो पण वेग वाढत नाही, तर गिअरबॉक्सकडे घसरण आहे. काटाच थरथरतो, गाडी त्याच्याबरोबर अडखळते आणि चेक इंजिन लाइट उघडझाप करतो, तर इंजिन बघा. नवशिक्यानं एवढा एक फरक पक्का केला तरी बऱ्याच गाड्यांचे गिअरबॉक्स वाचतील.

तिसरं, घोंघावणारा आवाज. 'एम' मोडमध्ये ५० च्या वेगाला गिअर एकानं वर-खाली करा. वेग तोच ठेवा. आवाज गिअरबरोबर बदलला तर इंजिन किंवा गिअरबॉक्स. बदललाच नाही, फक्त वेगाबरोबर वाढतो, आणि वळणावर कमीजास्त होतो, तर चाकाचं बेअरिंग किंवा टायर. पूर्ण वळवून निघताना कटकट आवाज येत असेल तर ड्राइव्ह शाफ्टचा जॉइंट.

आणि एबीएसचा लाइट गिअरच्या तक्रारीबरोबरच लागत असेल तर चाकाजवळचा स्पीड सेन्सर आधी तपासा. त्याचा आकडा गिअरबॉक्सचा कॉम्प्युटरही वापरतो.

७. चालवून पाहणे

साताऱ्यात यासाठी तिन्ही प्रकारचे रस्ते हाताशी आहेत. संध्याकाळच्या गर्दीतला राजपथ, शेंद्र्यापुढे कराडच्या दिशेनं हायवे, आणि समर्थ मंदिरापासून वर जाणारा यवतेश्वरचा घाट. शनिवार-रविवारी, कासच्या फुलांच्या हंगामात, घाटात तपासणीला जाऊ नका. मागचे लोक हॉर्न वाजवून तुमचं डोकं उठवतील आणि नोंद राहील बाजूला.

उभ्या गाडीपासून सुरुवात करा. ब्रेक दाबून 'एन'मधून 'डी'. एखाद्या सेकंदात गिअर लागल्याचं जाणवायला हवं. टॉर्क कन्व्हर्टर किंवा सीव्हीटीत दोन-तीन सेकंद काहीच होत नाही आणि मग धक्क्यानं गिअर लागतो, तर तेल कमी आहे किंवा दाब तयार होत नाही. मग 'आर'. पुढचे सगळे गिअर ठीक आणि फक्त रिव्हर्स नाही, किंवा उलट, हेही लिहून ठेवा.

राजपथावर सरपटताना एएमटी किंवा कोरड्या डीसीटीची गाडी उचलताना थरथरते का? क्लच प्लेट गुळगुळीत झालीय, झिजलीय किंवा क्लच कुठे पकडतो हे कॉम्प्युटर विसरलाय. शेवटचं कारण असेल तर पार्ट न बदलता, स्कॅनरवरून क्लचचं लर्निंग करून काम होतं. म्हणून 'क्लच टाका' म्हणणाऱ्याला आधी विचारा, लर्निंग केलं का?

हायवेवर ५० ते ७० च्या दरम्यान, अगदी हलक्या पायानं, एकसारखा वेग ठेवा. टॉर्क कन्व्हर्टरच्या गाडीत रस्त्यावर बारीक खडबडीत पट्टे असल्यागत थरथर जाणवते का? जाणवली की ॲक्सिलरेटर तसाच ठेवून डाव्या पायानं ब्रेकला नुसता स्पर्श करा, ब्रेक लाइट लागेल इतकाच. मागे गाडी नाही हे आरशात पाहून मगच. त्या क्षणी काटा किंचित वर गेला आणि थरथर थांबली, तर कन्व्हर्टरचा लॉक-अप क्लच (इंजिन आणि गिअरबॉक्स थेट जोडणारा) थरथरतोय. ब्रेक दाबला की कॉम्प्युटर लॉक-अप सोडतो, म्हणून हे कळतं. पुष्कळदा योग्य ग्रेडचं नवं तेल भरून ही थरथर जाते. थरथर थांबलीच नाही तर चाकांचं बॅलन्सिंग करून घ्या.

डीसीटीत डॅशवरचा आकडा वाचत राहा. एक, तीन, पाच पडतात पण दोन, चार, सहा पडत नाहीत, किंवा गाडी उठतेच दुसऱ्यात, तर एका बाजूचा क्लच किंवा त्याचा ॲक्चुएटर गेला. पूर्ण गिअरबॉक्स गेला असं म्हणायला अजून पुष्कळ बाकी आहे. पीआरएनडीची अक्षरं लुकलुकायला लागली तर तपासणी थांबवा आणि गाडी बाजूला घ्या.

घाटात पाहायचं ते तापल्यावरचं वागणं. यवतेश्वरच्या वळणांवर एएमटी दुसऱ्या-तिसऱ्याच्या मध्ये सारखी शोधत राहते, ते बरंचसं स्वाभाविक आहे. 'एम'मध्ये दुसऱ्यात अडकवून बघा. तिथे काटा आणि वेग हातात हात घालून वाढले तर क्लच ठीक. एएमटी आणि डीसीटीच्या गाड्या चढावर ॲक्सिलरेटरनं रोखून धरण्याची सवय मात्र लगेच सोडा. उसाच्या हंगामात कारखान्याच्या वाटेवर दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर पुढे रांगत असतो, त्याच्या मागे चिकटून इंच इंच सरकणं म्हणजे क्लच प्लेट तव्यावर ठेवणं. थोडं अंतर पडू द्या, मग एकदम पुढे जा. चढावर थांबलात तर ब्रेकवर पाय ठेवा. गिअरबॉक्स तापल्याची सूचना आली तर सुरक्षित जागी थांबून, 'पी'त (एएमटीत हँडब्रेक ओढून 'एन'मध्ये) टाकून, इंजिन चालूच ठेवा. सूचना गेली की निघा. दर घाटात ती येत असेल तर मात्र ते लक्षण आहे, लिहून ठेवा.

यूट्यूबवर पाहून स्टॉल टेस्ट करू नका. ब्रेक दाबून, 'डी'त ठेवून पूर्ण ॲक्सिलरेटर देण्याची ती पद्धत फक्त काही टॉर्क कन्व्हर्टरसाठी आहे, आणि तीही काही सेकंद, माहितगाराच्या हातानं. सीव्हीटी, डीसीटी आणि एएमटीत ती केलीत तर नसलेला बिघाड तयार होईल.

८. स्कॅनर

आपल्याकडे बीएस ४ च्या गाड्यांना ओबीडी २, म्हणजे गाडीनं स्वतःचे बिघाड नोंदवायची पद्धत, एप्रिल २०१३ पासून सक्तीची झाली, त्यामुळे त्यानंतरच्या पेट्रोल-डिझेल गाडीत स्टिअरिंगच्या खाली सोळा पिनांचा सॉकेट सापडतो. ब्लूटूथचं स्वस्त यंत्र आणि मोबाइल ॲप यांवर इंजिनच्या बिघाडांचे कोड दिसतात. गिअरबॉक्सचे कोड मात्र ते बहुधा पूर्ण दाखवत नाही. 'पी०७००' दिसला तर त्याचा अर्थ एवढाच की टीसीएमच्या वहीत काहीतरी लिहिलेलं आहे, ते जाऊन वाचा. तो बिघाड नव्हे. नुसत्या पी०७०० वर गिअरबॉक्स उतरवायला निघालेल्या माणसाकडून गाडी परत घ्या. त्या कंपनीच्या टीसीएममध्ये शिरणारा स्कॅनर ज्याच्याकडे आहे त्याच्याकडे जा.

नेहमी भेटणारे काही कोड सांगतो. पी०५६२ म्हणजे व्होल्टेज कमी, परत तिसऱ्या पायरीवर या. पी०७०५ गिअरची जागा सांगणाऱ्या स्विचचा. पी०७१५ आत येणाऱ्या शाफ्टच्या स्पीड सेन्सरचा, पी०७२० बाहेर जाणाऱ्याचा. दोन्हींत आधी वायर, मग कपलर, मग सेन्सर. पी०७३० म्हणजे गिअरचं गुणोत्तर जुळत नाही, हे खऱ्या घसरणीचं लक्षण असू शकतं, पण खोटा आकडा देणाऱ्या सेन्सरमुळेही येतं. पी०७४१ लॉक-अप क्लच नीट लागत नसल्याचा. पी०७५० शिफ्ट सोलेनॉइडचा. पी०२१८ तेल अति तापल्याचा. यू०१०१ म्हणजे बाकीच्या कॉम्प्युटरना टीसीएम सापडतच नाही. तिथे फ्यूज, अर्थ आणि वायरिंग.

कोडमध्ये एखाद्या पार्टचं नाव आलं म्हणजे तो पार्ट बदला असं नसतं. कोड फक्त कुठल्या सर्किटमध्ये गडबड आहे ते सांगतो. आणि कोड पुसण्याआधी त्याचा फोटो काढा, त्याच्याबरोबर नोंदलेला वेग, आरपीएम आणि तापमान यांचाही. पुसून गाडी परत त्याच रस्त्यावर न्या. जो कोड परत येतो तो खरा. बॅटरीची वायर काढून 'रिसेट' करणारे मात्र पुरावाही पुसतात आणि काही गाड्यांत क्लचचं शिकलेलं मोजमापही घालवतात. मग गाडी आधीपेक्षा जास्त झटके द्यायला लागते आणि निदान अवघड होतं.

गाडी एकाच गिअरमध्ये अडकून बसली, लाइट लागला, वेग वाढेना, तर तो लिंप मोड. स्वतःला वाचवण्यासाठी कॉम्प्युटरनं तसं केलेलं असतं. अशा गाडीनं हळूहळू जवळच्या गॅरेजपर्यंत जाता येतं, पुण्याला नाही. गळती, करपलेला वास, धातूचा खरखराट किंवा दुधाळ तेल यांपैकी काही असेल तर तेवढंही नको. हायवेवर असाल तर राष्ट्रीय महामार्गाच्या १०३३ या क्रमांकावर फोन करा. टॉर्क कन्व्हर्टर, सीव्हीटी आणि डीसीटीची गाडी दोरीनं ओढू देऊ नका. सपाट ट्रकवर चढवायची, नाहीतर इंजिनानं फिरणारी चाकं जमिनीवरून उचललेली हवीत. इंजिन बंद असताना आतला तेलाचा पंप फिरत नाही आणि कोरडे भाग घासत जातात.

९. गॅरेजात

वही, कोडचे फोटो आणि मीटरचं चित्रण दाखवा आणि तपासणीचे पैसे वेगळे द्यायची तयारी ठेवा. निदान फुकट मागितलं की त्याची किंमत पार्टमधून वसूल होते. नीट माणूस आधी वर सांगितलेलंच परत करेल, मग तुमच्याबरोबर गाडी चालवेल.

त्यानंतरही बोट गिअरबॉक्सच्या आतच जात असेल आणि गाडी टॉर्क कन्व्हर्टर किंवा सीव्हीटीची असेल, तर डबा उतरवण्याआधी खालचा पॅन काढायला सांगा आणि तिथे हजर राहा. पॅनमधल्या चुंबकावर बारीक, करड्या मलमाचा थर असणारच, ती नेहमीची झीज. बोटांत टोचणारे चमकदार तुकडे किंवा काळ्या प्लेटींचे पापुद्रे सापडले तर आत खरंच काम आहे. मग व्हॉल्व्ह बॉडीपुरतं (तेलाचा दाब वळवणारा भाग) आहे की पूर्ण ओव्हरहॉल, हे लेखी घ्या. जुने पार्ट परत मागा. बिलावर तेलाचा ग्रेड, किती लिटर, आणि किलोमीटर लिहून घ्या.

क्लच, टीसीएम किंवा व्हॉल्व्ह बॉडी बदलल्यावर स्कॅनरवरून लर्निंग झालं की नाही ते विचारा आणि स्क्रीनवर पाहा. त्यानंतर पहिले काही दिवस गिअर थोडे आधी किंवा उशिरा पडतील, ते चालतं. आठवड्याभरानं यवतेश्वरचा तोच घाट, गाडी पूर्ण तापलेली असताना, चढून बघा. जुन्या नोंदीतला झटका त्याच गिअरला, त्याच काट्यावर परत आला तर वही घेऊन दुसऱ्या दिवशी परत गॅरेज गाठा.